पढवलेली उत्तरं

इशिताचा डबा त्या दिवशीही भरलेलाच परत आला.

शोभनाबाईंनी झाकण उघडून पाहिलं. मेथीचे पराठे सकाळी घडी घालून ठेवले तसेच होते, फक्त घाम धरून मऊ पडले होते. त्यांनी ते गुपचूप स्वतःच्या ताटात वाढून घेतले. सुनेला दाखवले असते तर जेवणाच्या टेबलावर पुन्हा वादावादी झाली असती, आणि मग वर इशिताच्या खोलीचं दार धाडकन बंद झालं असतं.

मंडळी, असा डबा आपल्यापैकी कुणाच्या घरी परत येत नाही? आपण म्हणतो, या वयात असंच असतं. कुणाला भूक नसते, कुणाला झोप नसते, कुणाला आईबाप नकोसे होतात. असं म्हणतो आणि डबा घासायला टाकतो.

शोभनाबाई ऑगस्टमध्ये नागपूरहून अमेरिकेत मॉरिसव्हिलला आल्या होत्या, सहा महिन्यांसाठी. एकुलता एक मुलगा सुमंत, सून कादंबरी, दोघंही आयटीत. नात इशिता पंधरा वर्षांची, दहावीत. तीन वर्षांची असताना तिला कडेवर घेऊन सुमंत या देशात आला होता. तेव्हापासून त्याच्या ग्रीन कार्डची रांग काही संपली नव्हती. एकविसाव्या वर्षी मूल बापाच्या अर्जातून बाद होतं, म्हणून इशिता एकविसाची व्हायच्या आत ते आलं नाही तर मुलीचं काय, हा घोर त्याला रात्रंदिवस होता. त्या घरात कुणी मोठ्यानं शिंकलं तरी तो विचारायचा, "याचा फाइलवर काही परिणाम होणार नाही ना?" पूर्वी हे तो गमतीनं म्हणायचा.

शोभनाबाईंना आठवत होती ती इशिता निराळी होती. व्हिडिओ कॉलवर नाचून दाखवणारी, "आजी, तुझा चष्मा कुठंय? डोक्यावर!" म्हणून खिदळणारी. ही इशिता भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. व्हायोलिन सोडलं होतं. केस धुवायचे तर कादंबरीला ओरडावं लागायचं. आजीची गादी तिच्याच खोलीत होती. पोरगी पहाटेपर्यंत कूस बदलते, हे त्या घरात एकट्या शोभनाबाईंना माहीत होतं.

एकदा त्यांनी विचारलंही, "बाळ, काय होतंय तुला?"

"काही नाही होत, आजी. दॅट्स द थिंग. काहीच होत नाही."

शोभनाबाईंना ते कळलं नाही. काहीच होत नाही म्हणजे बरंच म्हणायचं की!

त्यांनी सगळं आयुष्य मुलींच्या शाळेत शिकवण्यात घालवलं होतं. लाल रिबिनी, दोन वेण्या, खडूच्या धुळीनं पांढरा झालेला पदर, हे सगळं त्यांना कालच्यासारखं आठवायचं. वर्गात बोलती मुलगी एकाएकी मुकी झालेलीही त्यांनी पाहिली होती. त्यांच्या काळी मनाच्या आजाराला तीनच नावं होती: वेड, बाधा आणि नाटकं. वेड असलं तर घरात कोंडायचं, बाधा असली तर अंगारा लावायचा, नाटकं असली तर लग्न लावून द्यायचं. चौथं नाव शाळेत कुणी शिकवलं नाही. शोभनाबाईंनाही नाही, आणि शोभनाबाईंनी पुढं कुणालाही नाही.

मग एका दुपारी फोन आला. कादंबरी घरूनच काम करत होती. कांदा चिरता चिरता तिनं फोन स्पीकरवर टाकला. पलीकडची बाई आधी इंग्रजीत बोलली आणि मग म्हणाली, "मी संघमित्रा. इशिताच्या शाळेत काउन्सेलर आहे. मराठीत बोललेलं चालेल ना?"

कादंबरीची सुरी थांबली. "काय केलं इशितानं?"

"चांगलंच केलं आहे. आमच्याकडे सध्या वर्गात मनाच्या आरोग्याचे तास सुरू आहेत. साधं वाईट वाटणं कुठलं आणि आजार कुठला, मदत कुणाकडे मागायची, मैत्रिणीसाठी कशी मागायची, हे शिकवतो. काल तास संपल्यावर इशिता एकटी थांबली. म्हणाली, मला कुणाशी तरी बोलायचं आहे, बरेच महिने मला बरं वाटत नाही. तुम्ही दोघं येऊन भेटाल का? पुढं तिला नियमित भेटायचं तर तुमची संमती लागेल."

फोन ठेवला तेव्हा कादंबरीचे डोळे वाहत होते. त्यात कांद्याचा वाटा किती होता, कोण जाणे.

इशिता बसमधून उतरून घरात आली, आणि दारातच सुरू झालं.

"शाळेत जाऊन सांगायची काय गरज होती तुला? आम्ही मेलो होतो का?"

"मम्मा, दे टोल्ड अस टू आस्क. मी आस्क केलं."

"आणि ती काउन्सेलर मराठी आहे! उद्या अख्ख्या महाराष्ट्र मंडळात बोभाटा होईल. दिवाळीच्या कार्यक्रमात कुठल्या तोंडानं उभी राहू मी?"

"तिनं सांगितलं, शी वोन्ट टेल एनीबडी."

"असं सगळेच म्हणतात."

सुमंत आला आणि न ओरडता खुर्चीवर बसला. त्याचं शांत बसणं शोभनाबाईंना जास्त भीतीचं वाटलं. "हे बघा," तो म्हणाला, "काउन्सेलरच कॉलेजसाठी शिफारस लिहिते. ग्रीन कार्डच्या मेडिकलमध्ये मानसिक आजाराबद्दल विचारतात. एकदा कुठं काही लिहिलं गेलं की ते पुसता येत नाही. मीटिंगला जायचं. नाही गेलो तर संशय येईल. पण प्रिपेअर होऊन जायचं."

प्रिपेअर होणं म्हणजे काय, हे त्या घरात समजावून सांगावं लागत नव्हतं. व्हिसाच्या प्रत्येक मुलाखतीआधी सुमंत सगळ्यांची तयारी करून घ्यायचा. कादंबरीची घेतली होती. शोभनाबाईंची तर व्हिडिओ कॉलवर आठवडाभर चालली होती. "आई, जेवढं विचारतील तेवढंच सांगायचं. आपणहून काही बोलायचं नाही. डोळ्यांत बघायचं. हसायचं, पण कमी." मुंबईच्या अमेरिकन वकिलातीतल्या खिडकीपाशी शोभनाबाईंनी ठरलेली उत्तरं ठरलेल्या क्रमानं दिली होती आणि पास झाल्या होत्या. परदेशात राहणाऱ्या आपल्या माणसांना ही कला अंगवळणी पडलेली असते. समोर टेबल आलं, टेबलापलीकडे प्रश्न विचारणारं माणूस आलं, की आपलं तोंड आपोआप मिटतं. ते माणूस परवानगी द्यायला बसलंय की मदत करायला, एवढं पाहायचंही आपल्याला सुचत नाही.

जेवणाच्या टेबलावरची भांडी बाजूला सारून तयारी सुरू झाली. काउन्सेलर कोण होणार? सुमंत म्हणाला, "आई, तू हो. तोंडी परीक्षा घेण्यात तुझा हात कुणी धरणार नाही."

शोभनाबाईंना बरं वाटलं, हे लपवण्यात अर्थ नाही. या घरात आल्यापासून पहिल्यांदा कुणी त्यांना त्यांच्या कामाचं काही सांगत होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि पाठ ताठ केली.

"झोप लागते का नीट?"

"नाही," इशिता म्हणाली.

"अगं, नाही काय? पुन्हा," सुमंत म्हणाला. "सेव्हन टू एट अवर्स."

"पण बाबा, दॅट्स नॉट..."

"पुन्हा."

"सेव्हन टू एट अवर्स."

"मग त्या दिवशी का थांबलीस वर्गात?"

"आय वॉज जस्ट टायर्ड. लिटल स्ट्रेस बिफोर टेस्ट्स. दॅट्स ऑल."

"खाली बघून नाही बोलायचं," शोभनाबाई म्हणाल्या. आता त्या खरोखरच वर्गात पोचल्या होत्या. "टेस्ट्स म्हणून झालं की जरा थांब. माझ्याकडे बघ. मग म्हण, दॅट्स ऑल. आणि थोडं हस."

पोरगी हुशार. दोन-चार खेपांतच इतकं सुरेख जमलं की शोभनाबाईंच्या तोंडून "वा!" निघून गेलं. सुमंतनं टेबलावर मूठ आपटली, शिक्का मारतात तशी. "अ‍ॅप्रूव्ड!"

सगळे हसले. इशिताही हसली. त्या हसण्याकडे कुणी नीट पाहिलं नाही. आजीनं तिच्यापुढं शिऱ्याची वाटी ठेवली, आणि आश्चर्य म्हणजे तिनं ती संपवली.

शाळेतली ती खोली लहान होती. संघमित्रा उठून उभी राहिली, शोभनाबाईंना वाकून नमस्कार करून म्हणाली, "मावशी, तुम्हीही आलात, बरं झालं. मी पण नागपूरची."

"हो का! नागपुरात कुठल्या बाजूला?"

"इंदोऱ्याला. आईबाबा अजून तिथंच असतात."

"असं," शोभनाबाई म्हणाल्या. त्यांचं हसू जरा आखडलं. सुमंतनं खुर्ची किंचित मागं घेतली. या प्रश्नाला पत्ता नको असतो, जात हवी असते, हे विचारणाऱ्याला ठाऊक असतं आणि सांगणाऱ्यालाही. संघमित्राला हे नवीन नसावं. तिनं एक क्षणही न घालवता इशिताकडे मोहरा वळवला.

इशितानं उत्तरं दिली. झोप, सात-आठ तास. दमले होते. परीक्षेचा थोडा ताण. थांबली, डोळ्यांत पाहिलं, हसली. दॅट्स ऑल.

संघमित्रा तिला म्हणाली, "परवा तू निराळं सांगत होतीस. तेव्हा तू हसत नव्हतीस. त्या बोलण्यावर माझा विश्वास आहे, इशिता. हे दार उघडंच आहे." तिला वर्गात पाठवून ती तिघांकडे वळली.

"मला तिला दर आठवड्याला भेटायचंय. आणि बाहेरच्या डॉक्टरांनाही एकदा दाखवावं असं वाटतं."

"ती म्हणाली ना आता, शी इज फाइन," सुमंत म्हणाला. "आम्ही फॅमिलीत बघून घेऊ."

"दादा, मुलीच्या छातीत दुखलं असतं तर फॅमिलीत बघून घेतलं असतं का? या वयाची मुलं मदत मागत नाहीत, हाच तर आमचा मोठा प्रश्न आहे. लाज वाटते, शब्द सापडत नाहीत, कुणाकडे जायचं कळत नाही. म्हणून तर हे तास घेतो आम्ही. चाळीस मुलांना शिकवावं तेव्हा एखादं उठून येतं. तुमचं आलं! तिनं शब्द शोधला, माणूस शोधलं, धीर केला. ते धीराचं काम होतं, गुन्हा नव्हे."

"आणि रेकॉर्ड?"

"शाळेत माझ्याशी बोललेलं कुठल्याही व्हिसाच्या फाइलीत जात नाही. जिवाला धोका दिसला तरच मला इतरांना सांगावं लागतं. तुमची भीती मला कळते. मीही त्याच रांगेत आहे. पण रांगेत उभं राहायला पोर तर हवी ना!"

"असलं अभद्र बोलू नका!" कादंबरी ताडकन म्हणाली. "आमच्याकडे काही कमी नाही. आजी आहे घरात, एवढं भरलेलं घर आहे."

संघमित्रानं तिच्याशी वाद घातला नाही. ती शोभनाबाईंकडे वळली. "मावशी, इशिता म्हणाली, तुम्ही तिच्या खोलीत झोपता. तुम्ही सांगा. झोपते का ती?"

सगळ्या खोलीत हा एकच प्रश्न खरा होता, आणि त्याचं खरं उत्तर एकाच माणसाकडे होतं. शोभनाबाईंनी मुलाकडे पाहिलं. मुलानं मान अगदी थोडी हलवली. आपणहून काही बोलायचं नाही.

"मुलगी हुशार आहे," शोभनाबाई म्हणाल्या. "होईल नीट."

संमती द्यायची नाही असं ठरवून ते उठले. गाडीत बसल्यावर सुमंत म्हणाला, "आता हे लोक आपल्याला मुलं कशी वाढवायची ते शिकवणार!" कुणी त्याला अडवलं नाही. शोभनाबाईंनी खिडकीची काच वर केली. जणू बाहेर कुणी ऐकत होतं.

त्यानंतरचे आठवडे कसे छान गेले! इशिता खाली येऊन जेवू लागली. डबा रिकामा यायचा. विचारलं की हसून सांगायची, "आय अ‍ॅम गुड, आजी." कादंबरी फोनवर पुण्याला आईला म्हणाली, "अगं, वयाचं होतं ते. गेलं." सुमंतला वाटलं, आपण वेळीच सावरलं. डब्यातलं अन्न शाळेच्या कचऱ्यात जातंय हे कुणाला कळणार होतं? पास व्हायची कला घरानंच शिकवली होती. आता इशिता घरच्याच परीक्षेत पास होत होती.

दिवाळीचा मंडळाचा कार्यक्रम एका शनिवारी दुपारी होता. इशिता म्हणाली, डोकं दुखतंय, तुम्ही जा. गाडी निघाली आणि कोपऱ्यावरून वळताना शोभनाबाईंना आठवलं की फराळाचा डबा ओट्यावरच राहिला. सुमंत करवादला, पण वळला.

त्या दुपारी इशितानं जीव द्यायचा प्रयत्न केला होता. कसा, ते इथं सांगत नाही. ते कुणाला कळून कुणाचं भलं होणार नाही. फराळाचा डबा राहिला म्हणून मुलगी हाती लागली, एवढंच सांगते. शहाणपणामुळं नव्हे, मायेमुळं नव्हे, विसरभोळेपणामुळं!

दोन दिवसांनी धोका टळला. हॉस्पिटलमध्ये एक तरुण डॉक्टरीण इशिताशी बोलायला आली. इशिता म्हणाली, आजी बसली तरी चालेल. सुमंत आणि कादंबरी बाहेर होते. डॉक्टरणीनं खुर्ची जवळ ओढली आणि हळू आवाजात विचारलं, झोप कशी लागते?

"सेव्हन टू एट अवर्स."

"आणि शनिवारी काय वाटत होतं?"

"आय वॉज जस्ट टायर्ड. लिटल स्ट्रेस बिफोर टेस्ट्स." इशिता थांबली. डॉक्टरणीच्या डोळ्यांत पाहिलं. हाताला सलाईन, ओठ फाटलेले, आणि त्या ओठांवर तेवढंच, सांगितलं होतं तेवढंच हसू. "दॅट्स ऑल."

ते थांबणं शोभनाबाईंचं होतं. ते बघणं त्यांचं होतं. मरणाच्या दारातून परत आलेलं लेकरू त्यांनी घोटून घेतलेलं उत्तर न चुकता म्हणून दाखवत होतं!

त्या उठून उभ्या राहिल्या. इंग्रजी त्यांना फारसं येत नव्हतं. होतं तेवढं गोळा केलं.

"नो, डॉक्टर! धिस आन्सर, नॉट हर्स. आय टॉट हर. राँग आन्सर. शी नॉट स्लीप. आय नो. आय स्लीप देअर. आय नो, अँड आय नॉट टेल!"

इशिता आजीकडे बघत राहिली, आणि मग कित्येक महिन्यांत पहिल्यांदा तिचा चेहरा वेडावाकडा झाला आणि ती रडली. मोठ्यानं, लहान मूल रडतं तशी.

"मी विचारलं होतं, आजी," ती म्हणाली. "मी आस्क केलं होतं. अँड यू ऑल सेड इट वॉज राँग."

रडण्याचा आवाज ऐकून सुमंत आत आला, आईला बाहेर घेऊन गेला. "आई, काय बोललीस तू आत? ते सगळं लिहून घेतात इथं!"

"लिहू दे!" शोभनाबाई ओरडल्या. कॉरिडॉरमधली माणसं वळून पाहू लागली. "लिहू दे, सुमंत! अजून तुला कागदाचंच पडलंय? तुझ्या रांगेसाठी त्या पोरीला खोटं बोलायला शिकवलं आपण. मी शिकवलं! जन्मभर मुलींना शिकवत आले, आणि शेवटी घरच्याच पोरीला काय शिकवलं? मरताना हसायचं कसं ते!"

सुमंत भिंतीला टेकला आणि खाली बसत गेला. कादंबरीनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला नाही. तिनं पर्समधून फोन काढून शाळेचा नंबर लावला.

संघमित्रा त्याच संध्याकाळी आली. शोभनाबाई तिला सामोऱ्या गेल्या, पण मान वर करवेना. "बाई, मी तुमचा... मी त्या दिवशी तुम्हाला..."

"मावशी, माझी माफी नंतर मागा," संघमित्रा म्हणाली. आवाज कोरडा होता, आणि तो कोरडा असण्याचा तिला पुरता अधिकार होता. "तिच्यापासून सुरुवात करा. आणि मागितली म्हणजे लगेच मिळेल असं समजू नका."

इथवरचं ऐकून कुणाला वाटेल, आता सगळे सुधारले. तसं झालं नाही. इशिता घरी आली, तिच्यावर उपचार सुरू झाले, आणि मंडळाच्या ग्रुपवर कुजबुज सुरू झाली. "शाळेत असलं शिकवतात, म्हणून पोरांच्या डोक्यात येतं." "त्या तासातूनच झालं म्हणे." जानेवारीत ते तास पुन्हा सुरू व्हायचे होते. एकेक आईबाप शाळेला कळवू लागले, आमच्या मुलाला त्या तासाला बसवू नका. कादंबरी ते वाचायची आणि फोन पालथा घालायची.

शोभनाबाईंचं परतीचं तिकीट फेब्रुवारीचं होतं. संक्रांतीचं हळदीकुंकू मंडळातल्या सुनेत्राच्या घरी होतं, आणि मुलांना त्या तासातून काढायच्या मोहिमेत सगळ्यांत पुढं तीच होती. हळदीकुंकवाच्या आदल्या दिवशी शोभनाबाई नातीच्या पलंगाच्या कडेला बसल्या.

"बाळ, तिथं तुझं सांगू का? तू नको म्हणालीस तर नाही सांगणार."

इशिता म्हणाली, "सांग. बट डोन्ट मेक इट नाइस. आणि माझंच नको सांगू. तुमचंही सांग."

त्यांनी तसंच केलं. भरजरी साड्या, काळी पोत, ओळीनं मांडलेलं वाण. त्यात उभं राहून त्या म्हणाल्या, "तुम्ही म्हणता शाळेनं आमच्या पोरीच्या डोक्यात भरवलं. दुखणं आधीपासून होतं, बायांनो. शाळेनं तिला त्याचं नाव सांगितलं आणि कुणाकडे जायचं ते सांगितलं. ती गेली. आम्ही तिला परत आणलं आणि उत्तरं पाठ करून घेतली. मुलीला विचारलं म्हणून ती मरायला गेली नाही. तिनं सांगितलं आणि आम्ही ऐकलं नाही, म्हणून गेली."

मग सुनेत्रा म्हणाली, "काकू, तुमचं दुःख कळतं हो. पण प्रत्येक घर वेगळं असतं. आमची मुलं तशी नाहीयेत."

"आमचीही नव्हती," शोभनाबाई म्हणाल्या.

"चला, वाण घ्या ना सगळ्यांनी," कुणीतरी म्हणालं, आणि बायका सुटल्यासारख्या हलल्या. प्लॅस्टिकचे डबे वाटले गेले. ते किती छान आहेत यावर बोलणं झालं.

शोभनाबाई चपला घालत होत्या तेव्हा नील नावाच्या एका मुलाची आई मागून आली. या बाईशी त्यांची ओळखही धड नव्हती. तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काकू, त्या संघमित्राताईंचा नंबर देता का? आमचा नील... दोन महिने झाले, खेळायला जात नाही." शोभनाबाईंनी नंबर दिला. एवढ्या भरल्या घरातून एक बाई आली, तीही लपून. पण आली.

आता दर मंगळवारी इशिता थेरपिस्टकडे जाते. कादंबरी गाडी चालवते, परतीचा दिवस येईपर्यंत शोभनाबाई शेजारी बसतात, आणि तासभर दोघी पार्किंगमध्ये थांबतात. सुमंतही एकदा आला होता, पण इशिता म्हणाली, "नॉट यू, बाबा. नॉट येट." तो आला तसा परत गेला. वडिलांशी ती अजून बोलत नाही. कधी बोलेल हे डॉक्टरही सांगत नाहीत.

"काय बोलत असेल आत?" परवा कादंबरीनं विचारलं.

"आपल्याला सांगून उपयोग झाला नाही, ते," शोभनाबाई म्हणाल्या.

इशिता बाहेर आली. डोळे लाल होते. मागं बसली, पट्टा लावला. कादंबरीनं आरशातून पाहिलं, तोंड उघडलं आणि मिटलं. हे न विचारणंही तिला आता शिकावं लागत होतं. घर आल्यावर इशिता एकटीच आधी उतरून आत गेली.

मंडळी, मुलं आपल्याला काही सांगत नाहीत, ही आपली नेहमीची तक्रार. इशितानं सांगितलं होतं. ज्या घरात असं मूल आहे, त्या घरानं आधी त्याच्या धैर्याला मान द्यावा, आणि रेकॉर्ड, मंडळ, लोक काय म्हणतील, हे सगळं नंतर बघावं. मनाचं दुखणं हे दुखणंच आहे. त्याला नाव आहे, औषध आहे, जाणकार माणसं आहेत. ती माणसं कुठल्या वस्तीतून आली हे विचारायची ही वेळ नव्हे. शाळा आपल्या मुलांना बोलायला शिकवत आहेत. निदान आपण घरी बसून त्यांना गप्प राहायला शिकवू नये.